अभिजितची अकरा खोकी

आमच्या घरात पुस्तकांना मुखपृष्ठं नसत, आणि बरीच मोठी होईपर्यंत मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. अब्बा मस्कतमध्ये परदेशी मासिकं-साप्ताहिकं वाटणाऱ्या एका कंपनीची व्हॅन चालवत. दुकानांना नवे अंक द्यायचे आणि न खपलेले जुने परत आणायचे, हे त्यांचं काम. परत आलेल्या अंकाचं फक्त मुखपृष्ठ फाडून विलायतेला न खपल्याचा पुरावा म्हणून पाठवायचं आणि उरलेला अंक फेकून द्यायचा, अशी पद्धत होती. अब्बांनी तो ढीग पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते दिवसभर बेचैन होते. आमच्या गावी छापील कागदाला पाय लागला तर आम्ही तो उचलून डोळ्यांना लावायचो, आणि इथे चांगले रंगीत अंक कचऱ्यात जात होते. शेवटी त्यांनी अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाला, विचारलं की यातले चित्रांचे अंक पोरीसाठी घरी नेऊ का. अर्बाब हसला. "यल्ला, ले जाओ. खलास माल है." तेव्हापासून दर बुधवारी अब्बा सुतळीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन तीन जिने चढायचे आणि माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "घे. तुझी मंडळी आली."

मस्कतमधल्या दार्सैतला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. खालच्या मजल्यावर लॉन्ड्री होती, तिची वाफ आणि साबणाचा वास जिन्यातून थेट आमच्या दारापर्यंत यायचा. संध्याकाळी मशिदीतली बांग व्हायची, थोड्या वेळाने कृष्णमंदिराकडची घंटा ऐकू यायची, आणि त्या दोन्हींच्या मध्ये सगळ्या मजल्यांवरच्या कुकरच्या शिट्ट्या. आमचा खिडकीतला एसी इतका खडखडायचा की तो बंद पडला की माझी मा दचकून विचारायची, "काय झाला?" ती तांदळाच्या भाकऱ्या भाजायची, सुकटीची चटणी करायची, आणि गावाहून कुणी आलं की आंब्याचा रस घालून सांदणं. माझं वाचन सगळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून झालं, कारण तिथे एसीची थंडीही लागायची आणि माच्या हातची गरम भाकरीही मिळायची. त्या अंकांवर तेलाचे डाग पडायचे. त्याचं कुणालाच काही नव्हतं.

सातवीपर्यंत मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी मराठी शाळेत शिकले. मस्कतला आले तेव्हा मला इंग्रजी वाक्य धड बोलता येत नव्हतं. वादी कबीरच्या शाळेत मुलं आपापसांत इंग्रजीच बोलायची आणि मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला इंग्रजी शिकवलं ते त्या बिनमुखपृष्ठाच्या अंकांनी. चित्रकथांमधलं सगळं बोलणं मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, छापलेलं असतं, म्हणून मीही सगळं मोठ्या लिपीतच लिहायचे. इंग्रजीच्या बाईंनी एकदा माझी वही वर्गासमोर धरली आणि विचारलं, "रुकय्या, तू कायम ओरडत का असतेस?" वर्ग हसला. आज वाटतं, बाईंना बरोबर कळलं होतं, फक्त थोडं लवकर.

त्या गठ्ठ्यांतलं माझं सगळ्यात लाडकं साप्ताहिक एका टगबोटीवरच्या कप्तान बाईचं होतं. तिचं नाव व्हेरा. धुक्याच्या बंदरात मोठमोठ्या जहाजांना ओढून आणायचं तिचं काम, आणि बोटीवर तिच्या जोडीला एक म्हातारा स्वयंपाकी, बार्नी. बार्नी प्रत्येक संकटात आधी चहा टाकायचा. माझा आजा बोटीवर स्वयंपाकी होता. त्याला मी फारसं पाहिलं नाही, पण अब्बा सांगायचे की वादळात सगळे देवाचा धावा करत असताना तो कांदा चिरत बसायचा. म्हणून बार्नी बोलला की मला आजा बोलल्यासारखं वाटायचं. व्हेराला लांब काळ्या बाह्यांचा अंगरखा असायचा आणि गुडघ्याखाली काळे मोजे. ती काळी शाई कधी कधी चित्राच्या रेषेबाहेर गेलेली असायची. मला वाटायचं, घाईत छापलं असेल.

अभिजितशी माझी ओळख शाळेच्या लायब्ररीत झाली. तो बारावीत होता, मी दहावीत. पुण्याचं कुटुंब, वडील तेलकंपनीत मोठे इंजिनीयर, अझैबाला बंगला. त्याने शाळेच्या भित्तिपत्रकात व्हेरावर लेख लिहिला होता आणि त्यात बार्नी बोटीवर कसा आला ते चुकीचं लिहिलं होतं. मी पेन्सिलीने खाली बरोबर काय ते लिहिलं, अर्थात मोठ्या लिपीत. त्याने मला शोधून काढलं. हे तुला कसं माहीत, म्हणाला. मी म्हटलं, वाचलंय. किती अंक वाचलेस? सगळे, म्हटलं, शेवटचा एक सोडून. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू लॉन्ड्रीवाल्याने त्याला गणित सोडवून दाखवलं.

त्याच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी चारपाच मुलं जमायची. त्या जमण्याला ते सर्कल म्हणत. अभिजितची आई घरात असते हे स्वतः खात्री करून घेऊन अब्बांनी मला परवानगी दिली, आणि तरीही मी आत असेपर्यंत ते समोरच्या भिंतीच्या सावलीत व्हॅन लावून बसून राहायचे. अभिजितच्या खोलीत एसीचा आवाज येत नसे. भिंतीला लागून मांडणी होती आणि तिच्यावर ओळीने अंक, प्रत्येक अंक एका कडक पारदर्शक पिशवीत, पाठीमागे पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. मी पहिल्याच दिवशी एक काढून उघडायला गेले तर सगळे एकदम ओरडले. "अगं, उघडायचे नसतात ते!" अभिजितने तो माझ्या हातून घेतला, पिशवी रुमालाने पुसली आणि जागेवर ठेवला. मी विचारलं, मग वाचायचे कधी? यावर त्यांच्यातला एकजण इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

त्या मुलांचं बोलणं मी कितीतरी गुरुवार गुपचूप ऐकलं. आवडलं हा शब्द तिथे चालत नसे. कुठलीही गोष्ट एकतर महत्त्वाची असायची किंवा बाळबोध. जी मी दार्सैतला उंबऱ्यात बसून वाचायचे ती सगळी बाळबोध. महत्त्वाचा होता तो एक लेखक. त्याचं नाव मी इथे घेणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. मी त्याला थोर लेखक म्हणते. मूळचा आपल्याकडचा, मुंबईत वाढलेला, लंडनला जाऊन नावारूपाला आलेला. व्हेराचं साप्ताहिक बंद पडल्यावर त्याने तिच्यावर सहा भागांची नवी मालिका लिहिली होती. तिच्यात व्हेरा दारू पिते, बंदर सडलेलं आहे, सगळे एकमेकांना फसवतात, पानंच्या पानं नुसती काळी. आणि दुसऱ्या भागात बार्नी मरतो. वादळात नाही, कुणाला वाचवताना नाही. व्हेराच नशेत त्याला इंजिनखोलीत कोंडून विसरून जाते. अभिजितने मला ते सहा भाग वाचायला दिले, त्याच्यासमोर, हात धुऊन. मी दुसऱ्या भागाच्या शेवटी थांबले आणि म्हटलं की व्हेरा असं करणार नाही. अभिजित समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला कळेल हळूहळू. आता व्हेरा मोठ्या माणसांची झाली आहे."

हे लिहिताना आज पन्नाशी उलटलेली मी स्वतःला विचारते, की मी तिथे परत परत का जात होते. खरं उत्तर असं की मला त्यांच्यातलं व्हायचं होतं. मी आरशासमोर उभी राहून 'महत्त्वाचं' असं म्हणून बघायचे. घरी मा विचारायची, "काय बडबडतंस गो?" तर मी म्हणायचे, अभ्यास.

आणि मग थोर लेखक मस्कतला आला. कुठल्याशा क्लबने बोलावलं होतं, हॉटेलचा हॉल होता, झुंबरं होती. अभिजितच्या वडिलांनी पासेस मिळवून दिले. अब्बांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि व्हॅनमध्ये न थांबता तेही आत आले, शेवटच्या ओळीत बसले. मी माच्या हातचा निळा फ्रॉक घातला होता, दोन वेण्या घातल्या होत्या. प्रश्न मी तळहातावर लिहून आणला होता. थोर लेखक तासभर बोलला. तो म्हणाला की तो आला तेव्हा हे सगळं माध्यम दूधपित्या पोरांच्या ताब्यात होतं, त्याने ते सोडवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अभिजित तर पुढे वाकून असा ऐकत होता की मला त्याची काळजी वाटली.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. उभी राहिले, तळहाताकडे बघितलं, तर घामाने शाई पसरलेली. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही बार्नीला का मारलं?"

त्याने डोळे बारीक केले. "बार्नी कोण?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याला खरंच आठवत नव्हतं. पुढच्या ओळीतून कुणीतरी सांगितलं, स्वयंपाकी, सर. "हां, तो," तो म्हणाला आणि मराठीवर आला. "बाळ, कितवीत आहेस तू?"

"दहावीत."

"मग ऐक. म्हातारा, प्रेमळ स्वयंपाकी मेल्याशिवाय गोष्ट वयात येत नाही." मग हॉलकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं. हशा झाला. मी बसायला हवं होतं. पण मला वाटलं की मला तिच्याबद्दल काहीतरी माहीत आहे हे याला कळावं, म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला. जुन्या अंकांत व्हेराला लांब काळ्या बाह्या असतात, तुमच्या अंकात तिचे हात उघडे आहेत, तर तुम्ही तिचा पोशाख का बदलला?

थोर लेखकाला प्रश्न कळेना. तेव्हा अभिजित उभा राहिला. मला आजही वाटतं की तो क्षणभर थांबला असता तर गप्प बसला असता, पण थोर लेखक त्याच्याकडे बघत होता आणि तसं त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, त्या बाह्या नाहीत. इथे येणाऱ्या अंकांमध्ये उघड्या अंगावर काळा मार्कर मारतात. आणि हिच्याकडे मुखपृष्ठ फाडलेले अंक असतात, हिचे वडील कचऱ्यातून आणतात. त्यामुळे हिला वाटलं, कपडेच आहेत."

थोर लेखक हसता हसता टेबलावर वाकला. बाकीचेही हसले. मग त्याने डोळे पुसले आणि मायेने म्हटल्यासारखं मराठीत म्हणाला, "बाळ, तू वाचतेस ना, ती व्हेरा नाही. ती रद्दी आहे." इंग्रजीतलं भाषण अब्बांना काही कळलं नसणार. पण अभिजित जे बोलला ते आणि ही शेवटची दोन वाक्यं मराठीत होती.

आम्ही व्हॅनमधून घरी निघालो. रूवीच्या सिग्नलला अब्बांनी विचारलं, "तो बार्नी खराच मेला काय?"

"आपल्या अंकात नाय मेला," मी म्हटलं.

"मग झाला तर," ते म्हणाले आणि गियर टाकला.

मी सर्कलला जाणं बंद केलं. काही वर्षांनी थोर लेखकाचे ते सहा भाग एकत्र पुस्तकरूपाने आले आणि त्याच्या प्रस्तावनेत मी होते. वाळवंटातल्या एका गावी बुरख्यातली एक चिमुरडी आणि तिचा कचरा वेचणारा बाप, असं त्याने लिहिलं होतं, आणि ती भेट आपल्याला किती शिकवून गेली वगैरे. मस्कत त्याला गाव वाटलं. माझा निळा फ्रॉक त्याने बुरखा करून टाकला. त्याने मला नाव दिलं नाही, म्हणून मीही त्याला देत नाही. त्याला अजून मानसन्मान मिळत असतात, माझ्या या लिखाणात मिळणार नाहीत.

पण अभिजितचं तसं नव्हतं. तो माझ्या हातात आपण होऊन आला.

थोर लेखक मस्कतला आला त्याच वर्षी जूनमध्ये अभिजितच्या वडिलांची अमेरिकेला बदली झाली. सामानावर मर्यादा होती आणि त्याच्या आईने अंकांची खोकी न्यायला साफ नकार दिला. एका दुपारी तो आमच्या दारात उभा राहिला. हॉलमधल्या प्रसंगानंतर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्याबद्दल तो काही बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "दोन वर्षं माझी खोकी ठेवशील? मग मी नेतो."

"सर्कलमधल्या कुणाला सांग ना," मी म्हटलं.

"ते चांगले चांगले काढून घेतील. तुला त्यातलं कुठलं दुर्मीळ ते कळत नाही ना, म्हणून तुझ्याकडे सेफ आहेत." हे तो अगदी सरळपणे म्हणाला. त्यात त्याला अपमान दिसलाच नाही, आणि मला वाटतं तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

मी नाही म्हणणार होते. पण अब्बा आतून आले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ठेव की बेटा. अमानत हाय ती. इन्शाल्ला, जपीन." आणि ते खाली गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. अब्बांचा उजवा खांदा तेव्हा आधीच दुखत असे. त्यांनी एकेक करून अकरा खोकी तीन जिने चढवून वर आणली. अभिजित जिन्याच्या वळणावर उभा राहून सांगत होता, "काका, सरळ धरा. आडवं नका करू. काका, भिंतीला लागतंय." एकदाही त्याने दुसऱ्या टोकाला हात लावला नाही. माने त्याला सरबत दिलं. ते पिऊन त्याने मला सूचना दिल्या. ऊन नको, दमट नको, एसी चालू ठेव, उघडू नकोस. मी मान डोलवत होते आणि अब्बांच्या शर्टाच्या पाठीवरचा घाम बघत होते.

दोन आठवडे मी खोक्यांना हात लावला नाही. मग अब्बा दहा दिवसांसाठी सलालाच्या फेरीवर गेले. जुलै होता, शाळा बंद, बाहेर पाय ठेवता येत नव्हता. मला फक्त एक गोष्ट बघायची होती. व्हेराच्या साप्ताहिकाचा शेवटचा अंक. तो सगळीकडे संपून गेला होता, परत एकही आला नाही, म्हणून अब्बांच्या गठ्ठ्यात कधी आलाच नाही. त्याच्या आधीच्या अंकात व्हेराची बोट धुक्यात दिसेनाशी झाली होती, आणि बार्नी धक्क्यावर कंदील घेऊन उभा होता. पुढे काय झालं ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं. सातव्या खोक्यात तो सापडला. मी स्वयंपाकघरात गेले आणि माची मासे साफ करायची कात्री घेऊन आले.

अभिजितने हे अंक लंडनहून मागवलेले होते, त्यांच्यावर मार्कर नव्हता. उंबऱ्यात बसून मी पहिल्यांदा साप्ताहिकातल्या व्हेराचे उघडे हात पाहिले. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा लांब व्रण होता. चित्रकाराने तो प्रत्येक चौकटीत न चुकता काढला होता, इतका की बार्नी तिला पेला देताना त्या हाताला धक्का लागू नये म्हणून उजव्या बाजूने येतो. इतकी वर्षं मला ते ठाऊक नव्हतं. मी अंक शेवटपर्यंत वाचला. मग परत वाचला. मग उठून दुसरी पिशवी कापली.

पहिली पिशवी मी वाचण्यासाठी कापली होती. दुसरीपासून पुढच्या सगळ्या सूडासाठी. हे मी नंतर अनेकांना वेगळं सांगितलं आहे, मुलांना वाचायला मिळावं म्हणून वगैरे. तसं काही नव्हतं. मी एकेक पिशवी कापताना त्याचे शब्द आठवत होते. कचऱ्यातून आणतात. आडवं नका करू. शेवटी माझ्या अंगठ्याला फोड आला तेव्हा मी डाव्या हाताने कापू लागले. सगळ्या पिशव्या कापून झाल्यावर मी दार उघडलं आणि इमारतीतल्या मुलांना हाका मारल्या. उन्हाळ्याने कोंडलेली पंधरावीस पोरं धावत आली. पुढचा आठवडाभर जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी वाचत बसलेलं होतं. भजी खात, आंबे चोखत, पानं थुंकीने उलटत. एका मुलाने व्हेराला मिशा काढल्या. मी त्याला रंगीत पेन्सिली आणून दिल्या. कडक पिशव्या बघून मा खूश झाली. "बऱ्या हायत गो, हवा जात नाय," म्हणाली आणि गावाहून आलेले सुके बोंबील तिने त्यांत भरून ठेवले. ते अंक कुणाचे हे तिच्या ध्यानातच नव्हतं, किंवा होतं. मी कधी विचारलं नाही.

अब्बा गुरुवारी दुपारी परतले. जिना चढताना त्यांना मुलं दिसली, आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, आपलेच अंक. त्यांनी एका मुलीच्या डोक्यावर हात फिरवला. मग वाकून बघितलं आणि ते तसेच वाकलेले राहिले.

"ह्याला वरचा कागद हाय," ते म्हणाले.

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "अब्बा, त्याने तुम्हाला कचरेवाला म्हटलं. सगळ्यांसमोर."

"ता मला माहीत हाय. मी तिथंच होतो." ते सरळ उभे राहिले. "पण जपीन म्हणून मी बोललो होतो. तू नाय, मी."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलांकडून एकेक अंक गोड बोलून परत घेतला. मग बोंबील काढून पिशव्या साबणाने धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. पुढचे तीन शुक्रवार, म्हणजे त्यांची सगळी सुट्टी, ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि अंक पिशव्यांत भरून चिकटपट्टी लावत राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. एखादा अंक माझ्यापुढे धरून विचारायचे, "ह्याच्यावर किती आकडा?" मी आकडा सांगायचे. त्या महिन्यात आमच्यात एवढंच बोलणं झालं. मी मदत करायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. मला त्यांच्यासाठी रडू यायचं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी समाधान होतं, की कितीही चिकटपट्टी लावली तरी अभिजितचं आता काहीच पहिल्यासारखं होणार नाही. दोन्ही एकदम होतं. एकामुळे दुसरं कमी झालं नाही.

दोन वर्षं व्हायच्या आधीच अभिजितचा फोन आला. त्याचा मावसभाऊ मस्कतला येणार होता, तो खोकी नेईल. फोन मी उचलला होता. या क्षणासाठी मी इंग्रजी वाक्यं पाठ करून ठेवली होती, चांगली, बिनचूक वाक्यं, माशांच्या कात्रीसकट. मी तोंड उघडलं आणि अब्बांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला.

"बेटा, तुझी अमानत मोडली," ते म्हणाले. "माझ्या घरात मोडली. अंक सगळे हायत, पण उघडले गेले. मी माफी मागतो." कुणी उघडले ते त्यांनी सांगितलं नाही. मग पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. अब्बा मधून मधून म्हणत होते, "हां. हां, बरोबर." एकदा म्हणाले, "नाय बेटा, तसा नाय." मग फोन ठेवला आणि हात धुऊन जेवायला बसले. तो काय बोलला ते त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. मावसभाऊ आला नाही. खोकी आमच्याकडेच राहिली. त्यातले अंक आता माझ्या वादी कबीरच्या घरात कपाटात आहेत, चिकटपट्ट्या पिवळ्या पडून गळून गेल्या आहेत. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात मला एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून नंबर मिळाला म्हणे. मराठीत लिहिला होता, चांगल्या शुद्ध मराठीत. "रुकय्या, मी अभिजित, अझैबाचा. ओळखलंस का? माझ्या मुलीला मी व्हेराच्या गोष्टी सांगतो, तिला फार आवडतात. शेवटचा अंक मी सगळीकडे शोधला, पुन्हा कधी छापलाच नाही. माझ्याकडचा मी कधी वाचला नव्हता. तू नक्की वाचला असशील. व्हेरा शेवटी बंदरात परत येते का?"

मी तो मेसेज तीनदा वाचला. अब्बांबद्दल एखादं वाक्य असेल म्हणून शोधत होते. हॉलमधल्याबद्दल नको, मला त्याची गरज उरली नव्हती. फोनवर तो जे बोलला त्याबद्दल, किंवा नुसतं काका कसे आहेत एवढंच. नव्हतं. त्यानंतर त्याने दोनदा प्रश्नचिन्ह पाठवलं, आणि दिवाळीला एक पणतीचं चित्र. मी प्रत्येक वेळी मेसेज उघडते, म्हणजे त्याला दोन निळ्या खुणा दिसतात आणि मी वाचलं आहे हे कळतं. उत्तर देत नाही.

शेवटच्या अंकात काय होतं ते इथे सांगायला माझी काही हरकत नव्हती. पण अभिजितला मराठी वाचता येतं.